शेजारच्या सीटवरचा खळगा

जुनी गाडी विकताना मला कोणी विचारलं नाही. मी वर जेवत होते आणि खाली कारखान्याच्या फाटकातून ती गेली. आवाजावरून कळलं. दुसऱ्या गिअरला खोकायची ती, म्हणून आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. हातातला घास टाकून मी खिडकीशी गेले, तोवर ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. मुलगा खाली उभा, हात खिशात. वर बघायची हिंमत झाली नाही चिरंजीवांची.

आमचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. खाली कारखाना, वर घर. नवऱ्याने सुरू केला, तो गेल्यावर मी चालवला, आणि पाटीवर मुलाचं नाव असलं तरी अजून मीच चालवते. शाळा मी चौथीत सोडली. पण कुठल्याही सीटवर तळहात ठेवला की तिच्यावर कोण बसतं ते मी सांगते. माणूस रोज बसतो तिथला फोम त्याच्यापुरता दबतो, खळगा पडतो. कोणाचा मागे, कोणाचा एका अंगाला. पाकीट कुठल्या खिशात असतं, कंबर कुठल्या बाजूने धरते, सगळं त्यात उमटतं. एकदा एक बाई नवऱ्याची गाडी घेऊन आली. वकील होता तो. शेजारच्या सीटवर हात फिरवून मी म्हटलं, "बाई, यात तुम्ही बऱ्याच बसता वाटतं." ती म्हणाली, "छे, हे मला नेतच नाहीत." मी हात काढून घेतला. मग तिने स्वतःच तिथे हात ठेवून पाहिला.

म्हातारी नवऱ्याने अपघातातली उचलून आणली होती. लाल, दोघांपुरती, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. छत कापडाचं. ते मी कितीदा शिवलं, तरी गळायचं ते गळायचंच. दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. उतरलं की अंगाला पेट्रोलचा वास आणि कानाला दडे. हिटर थंडीत बंद आणि उन्हाळ्यात आपोआप चालू. तिच्याशी भांडावं लागायचं, दोन शिव्या घालाव्या लागायच्या, मग ती निघायची. म्हणजे माझ्यासारखीच. मुलगा तिच्यातून घामाघूम होऊन उतरायचा, पण गाणं म्हणत उतरायचा.

नवी आली ती त्याच कंपनीची, त्याच नावाची.

"तीच आहे गं आई. फक्त नवी."

तीच म्हणे! रंग राखेचा. दाराचं हँडल आत लपलेलं, जवळ गेलं की जीभ दाखवावी तसं बाहेर येतं. सुरू झालेली कळत नाही. इंजिनचा आवाज येतो तोसुद्धा म्हणे स्पीकरमधून सोडतात.

"म्हणजे खोटा?" मी विचारलं.

"खोटा नाही, वाढवलेला."

"उद्या जेवणाचा नुसता वास विकायला काढतील, तोही घेऊन ये घरी."

तो हसला नाही. म्हातारीच्या वेळी हसला असता.

त्या गाडीचं दार आपटताही येत नाही. कितीही जोरात ढकला, शेवटी बोटभर राहिलं की ते स्वतःच थांबतं आणि अलगद मिटतं. रागावलेल्या माणसाने त्या गाडीतून उतरायचंच नाही की काय? मी तिचं नाव मुकी ठेवलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, "आई, सीटांना हात लावू नकोस, वॉरंटी जाईल." सीट शिवणाऱ्यांच्या घरात सीटला हात लावायचा नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बोलले नाही. मी बोलले नाही की घरात सगळ्यांना धडकी भरते. त्याला तीही भरली नाही.

दोनेक महिने झाले असतील. तो रोज दुपारी तासभर गाडी घेऊन जायचा, काही काम नसताना. एकदा परत येऊन आंघोळीला गेला, गाडी उघडीच होती. मी हात लावला. माझ्या घरात उभी होती, लावणारच.

त्याच्या सीटवर खळगा नव्हता. नावालासुद्धा नव्हता. रोज त्या सीटवर बसणारा हा धट्टाकट्टा माणूस, पण फोम शोरूममधून आला तसा ताठ. माझा मुलगा लहानपणापासून पार मागे रेलून, ऐसपैस बसतो. म्हातारीच्या सीटवर त्याचा खळगा मला अंधारातही सापडला असता. इथे काही नाही.

मग मी शेजारच्या सीटवर हात ठेवला.

ती दबली होती. वर्षानुवर्षं कोणी बसावं तशी. खळगा जड माणसाचा, आणि तो मागे नव्हता. सीटच्या पुढच्या काठाला होता. पाठ न टेकता, उठायच्या तयारीत बसलेल्या माणसाचा असतो तसा.

माझ्या मनात पहिलं आलं ते कोणत्याही आईच्या मनात येईल तेच. आंघोळ करून आला तसा मी त्याला जिन्यातच गाठला.

"कोण बसतं तुझ्या शेजारी?"

"कोणी नाही."

"मला शिकवू नकोस. माझा हात खोटं सांगत नाही."

"आई, कोणीही नाही. मी एकटाच जातो. मला तिथे बरं वाटतं, बस्स." आवाज असा, की जणू दुसऱ्या खोलीतून बोलतोय.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता रडारड होणार. पण तो खाली गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, बाईबिई काही नाही हो. मी बसले होते त्या गाडीत. एकदाच."

"मग?"

"मला तिथे दाटी झाली."

"दाटी? दोन सीटा, तू एक आणि तो एक. दाटी कसली?"

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

आता आमच्याकडे एक रीत आहे ती सांगते. फोमचे थर सोल्यूशनने चिकटवले की वर फळी टाकायची आणि ते धरेपर्यंत कोणीतरी त्या फळीवर बसायचं. लोखंडी वजनं ठेवून चालत नाही, फोमला ती चावतात. माणसाचं अंगच लागतं. हा मुलगा बोलायला लागायच्या आधीपासून त्या फळीवर बसत आलाय. त्याने बसवलेला थर कधी सुटला नाही, हे मी अभिमानाने गिऱ्हाइकांना सांगायचे.

त्या आठवड्यात सीटा परत यायला लागल्या. थर सुटलेले, कडा उचललेल्या. एक टॅक्सीवाला तर भर कारखान्यात ओरडला, "मावशी, सीट शिवलीये की पापड लाटलाय?" पापडाला सगळे कारागीर हसले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा फळीवर बसला तेव्हा मी कात्री खाली ठेवून बघत उभी राहिले. तो बसला. फळी होती तिथेच राहिली. केसभरही खाली गेली नाही. कडेने सोल्यूशन बाहेर यायला हवं होतं, ते आलं नाही.

"नीट बस!" मी ओरडले.

"बसलोय की."

"मी म्हणते नीट बस. सगळं अंग टाक."

"आई, अजून कसं बसू?" त्याचे डोळे पाण्याने भरले. चाळिशीला आलेला माणूस. मला त्याची कीव यायला हवी होती. मला संताप आला, आणि तो मी फळीवर काढला, लाथ घालून.

त्यानंतर मी घरभर हात फिरवत सुटले. सोफ्यावर त्याची जागा सपाट. जेवायच्या खुर्चीची गादी सपाट. सूनबाईला विचारलं तर तिने मान खाली घातली. "सकाळी त्यांच्या बाजूची चादर मोडलेलीच नसते," म्हणाली. "रात्रभर शेजारी असतात, आई. मी हात लावून बघते."

जेवत तो नीट होता. अंगाने तसाच होता. पण माझा मुलगा कुठेच उमटत नव्हता. आणि तिकडे मुकीच्या शेजारच्या सीटवरचा खळगा, जेव्हा जेव्हा हात घातला तेव्हा, आधीपेक्षा खोल.

गाडी वीक म्हटलं. नाही म्हणाला. किल्ली दे म्हटलं. नाही. एरवी उलटा वाद घालतो, दारं आपटतो, आम्ही मायलेक तसेच आहोत. आता नुसता "नाही" म्हणायचा आणि किल्ली मुठीत धरायचा.

मी ठरवलं. दुसऱ्या कोणी मांत्रिक शोधला असता, देव पाण्यात ठेवले असते. मी सीटवाली आहे. सीट बसली की काय करायचं ते मला येतं. उघडायची, दबलेला फोम उपसायचा, कडक फोम ठासून भरायचा आणि शिवून टाकायची. खळगाच नसला तर बसणारा बसेल कुठे? माझं गणित एवढंच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो झोपला होता. मुठीतून किल्ली सोडवून घेतली. बोटं अगदी हलकी लागली हाताला. वाळलेल्या पानासारखी.

कारखान्यात कोणी नव्हतं. छपराच्या काचेतून ऊन सरळ गाडीवर पडलं होतं. मी पातं घेतलं आणि त्यांचे ते मशीनचे सरळ टाके एका रेषेत उसवले. गेली वॉरंटी.

आतला फोम पिवळा पडला होता. नव्या गाडीत.

तो उपसायला लागले आणि हाताला जोर लागेना. मग एकदम सुटला. त्याच क्षणी गाडी त्या बाजूने वर उचलली गेली. स्प्रिंगवरून जड माणूस उतरल्यावर उचलते तशी.

मी मागे सरकले.

गाडी थोडी हलली. मग दुसऱ्या बाजूने खाली बसली. ड्रायव्हरच्या बाजूने.

तिथे कोणी नव्हतं. ऊन पडलं होतं सीटवर. कातडं दिसत होतं, शिवण दिसत होती.

घाबरले असते तर पळाले असते. मी रागात होते. "बस तिथे," मी म्हटलं, "तुझीही उघडते नंतर." आणि घरातला सगळ्यात कडक फोम त्या रिकाम्या सीटमध्ये ठासला. वाकड्या सुईने टाके घातले. दार आपटलं, ते अलगद मिटलं.

दुसरी सीट उघडायला मी पुन्हा पातं उचललं, तोच मुलगा जिना उतरून आला. झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले. माझ्या हातातली किल्ली त्याने काढून घेतली. गाडीत बसला आणि गेला.

तासाभराने परत आला तो गाणं म्हणत.

घर उजळलं. जेवणावर ताव मारला, सूनबाईची चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी फळीवर बसला तर फळी करकरली आणि सोल्यूशन चारी कडांनी बाहेर आलं. कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई जिन्यातून मला म्हणाली, "आई, तुम्हीच बरं केलंत यांना." किती दिवसांनी हसली होती ती.

मीही हसले असते. पण तो उठल्यावर मी फळी उचलून सवयीने खालच्या फोमवर हात ठेवला.

खळगा पुढच्या काठाला होता.

"काय झालं, आई?" त्याने विचारलं.

"त्या फळीवरून बाजूला हो. परत बसायचं नाही तिथे."

"बरं, आई," तो गोड आवाजात म्हणाला. माझ्या मुलाने जन्मात माझं असं ऐकलेलं नाही.

सूनबाईला काय सांगू? तिच्या शेजारची चादर आता मोडते.

त्याला गाडीचं वेड आता राहिलेलं नाही. ती कारखान्याच्या मागे झाकून ठेवलीये. तो वर जेवायला बसला की मी तिथे जाते. कापड उचलते, दार उघडते, मी शिवलेल्या त्या शेजारच्या सीटवर तळहात ठेवते. सीट टणक आहे, सपाट आहे, तिच्यावर कसलंही वजन नाही. इंजिन बंद, बॅटरी काढून ठेवलेली, वर सावली.

पहिल्या दिवशी ती सीट गरम होती. पाठ टेकायची ती जागासुद्धा, अगदी वरपर्यंत. पार मागे रेलून, ऐसपैस.

मी त्या सीटवरच्या माझ्या पोराला रोज शिव्या घालते. ऊठ म्हणते, मेल्या, तुझं ताट तो वाढून घेतोय, ऊठ. पदर पसरणाऱ्यांतली मी नाही. पण तोही कधी माझं ऐकणाऱ्यांतला नव्हता.

आज सीट कोमट होती.