भारभान

भाड्याचीच गाडी घ्या, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. कबूल. तुम्ही फक्त दुसरी वाट काटे टाकून बुजवलीत आणि वर विचारलंत, कुठल्या वाटेनं जातोस बाबा, तुझी मर्जी. ह्याला मर्जी म्हणत असतील, तर खाटकाच्या दारातला बोकडही मर्जीनंच उभा असतो.

संपत साळुंखे पाटणहून डोंगरातल्या वाघजाईवाडीपर्यंत वडाप चालवायचा. एसटी जिथं पोचत नाही तिथं जाणारी, रस्त्यात हात केला की थांबणारी आणि गच्च भरली तरी आणखी एकाला जागा करणारी जीप म्हणजे वडाप. त्याची डिझेलची जीप तुम्ही भंगारात घालायला लावलीत. आता त्याच्याकडं विजेची गाडी होती. ती धूर सोडत नव्हती, खडखडत नव्हती. बोलत मात्र होती.

"एक प्रवासी जास्त आहे," सकाळी स्टँडबाहेर ती म्हणाली.

वाघजाईवाडीच्या हौसाबाईंनी मांडीवरची कोंबडी पोटाशी धरली. "माझी कोंबडी मोजती काय रं ही?"

"कोंबडी न्हाय मावशी. मागं महेश लटकलाय."

"लटकलोय कुठं दाजी? टेकलोय नुसता," मागून महेश ओरडला. वाडी म्हणजे संपतच्या बायकोचं माहेर, त्यामुळं तिथली सगळी तरणी पोरं त्याला दाजीच म्हणायची.

"उतर बाबा. ही बया हलायची न्हाय."

महेशनं उतरून गाडीला वाकून नमस्कार केला. "सासूबाई, येतो मी दुधाच्या टेम्पोनं. राग नसावा." गाडीतले सगळे हसले आणि गाडी निघाली.

ह्या तंत्राला भारभान म्हणायचे. प्रत्येक आसनाखाली वजन ओळखणाऱ्या पट्ट्या आणि छताला माणसं मोजणारा डोळा. चालक धरून नऊ. दहावं माणूस चढलं की मोटारीकडं वीजच जात नसे. घाटात कोंबून भरलेल्या जीपा पूर्वी दरीत गेल्या होत्या, हेही खरं. भारभान शोधणाऱ्याच्या मनात पाप होतं असं कुणी म्हणत नाही. सवाल होता तो चावी कुणाच्या हातात ह्याचा.

तो सवाल संपतच्या बायकोनं, उज्वलानं, कराडच्या शोरूममध्येच विचारला होता. विकत घ्यायची की भाडेकरारानं, ह्यावर नवरा-बायकोचं घरी आठवडाभर वाजलं होतं. शोरूमच्या पोरानं सरबत दिलं, गाडीचे गुण गायले. उज्वलानं ग्लासाला हातही लावला नाही.

"वेळ पडली तर हे मोजणं बंद करता येतं का?"

"विकतच्या गाडीत येतं, वहिनी. मालकाचा अंगठा लावायचा, सगळी जबाबदारी आपल्या डोक्यावर. भाड्याच्या गाडीत नाही. तिथं मालक कंपनी असते ना."

"मग विकतचीच घ्या," ती संपतला म्हणाली. "आपली असली तर आपलं ऐकंल."

"आणि बॅटरी मेली म्हंजे? तिच्या तेराव्याला तू जेवण घालणार का?" संपत हसला. "भाड्याची असली तर बॅटरी त्यांची, बिघाड त्यांचा. आपण नुसतं चालवायचं."

ते एकच कारण असतं, तर उज्वला त्याला नमवल्याशिवाय राहिली नसती. पण दुसरं कारण तुमचं होतं. भाड्याच्या गाडीला रस्त्याचा परवाना आठवड्यात मिळत होता. विकत घेतलेल्या दोघातिघांच्या गाड्या पावसाळा उलटला तरी दारात ताडपत्रीखाली होत्या, त्यांचे अर्ज तुमच्या परिवहन खात्याच्या टेबलावर. बसून घर चालत नाही. संपतनं भाडेकरारावर सही केली.

एप्रिलातली दुपार. वाडीत उतारू सोडून संपत सासऱ्यांच्या, तात्यांच्या, ओसरीवर ताक पीत बसला होता. करती माणसं खाली धरणाच्या कामाला गेलेली. घरी म्हातारी, लेकुरवाळ्या बाया, पोरं, आणि ताप येतोय म्हणून कामावर न गेलेला महेश.

तात्यांनी नाक वर केलं. "वणवा हाय."

वणवा दरसाल यायचा. गवत जाळायचा आणि निघून जायचा. पण गेली काही वर्षं पाऊस आधीच सरत होता, डोंगर माघातच वाळत होता, आणि वणव्याची जात बदलली होती. तो आता चालत नसे, उड्या मारत येई. तात्या बोलले तेव्हा धूर पठारामागं होता. संपतनं तांब्या खाली ठेवेपर्यंत पठारावरची जांभळीची रांग पेटली.

इथं वाडीनं एक चूक केली, आणि ती फक्त वडापच्या रस्त्यावरची माणसंच करतील. एरवी सगळे पोरं काखोटीला मारून खालच्या ओढ्याकडं पळाले असते. पायवाट जवळची होती, वाराही तिकडचा नव्हता. पण दारात वडाप उभी होती. वडापात जागा नाही असं त्यांच्या आज्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. सगळे गाडीकडं धावले. बाया आत शिरल्या, पोरं मांड्यांवर, तात्या पुढं, महेश मागं, हौसाबाई रेटत रेटत मधल्या बाकावर.

"तीन प्रवासी जास्त आहेत," गाडी म्हणाली.

"आगं बये, आज नको," संपत म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

"तीन प्रवासी जास्त आहेत."

त्यानं मदतक्रमांक लावला. एक गोड आवाज आला. "नमस्कार, बोला सर."

"ताई, वणवा आलाय. गाडीत पोरं हायती. हे मोजायचं बंद करा."

"सर, आपत्ती जाहीर झाली की ती सवलत आपोआप लागू होते. तुमच्या भागात अजून जाहीर झालेली दिसत नाही."

"आवं, मला दिसतीया की! समोर हाय!"

"मी समजू शकते सर. माझ्या हातात नाही. आगीचा फोटो पाठवता येईल का? मी पुढं पाठवते."

संपतनं फोन फेकला. तो स्वतः खाली उतरला, महेशला पुढं ढकललं. "तू बस. तुला येतंय. मी पायी येतो."

"नोंदणीकृत चालक आढळला नाही," गाडी म्हणाली.

राख पडायला लागली होती. ओढ्याच्या पायवाटेवर आता धूर उतरला होता. कोण उतरणार, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? प्रत्येकानं मान खाली घालून आपल्या मांडीवरचं पोर घट्ट धरलं.

पहिल्या हौसाबाई उतरल्या. "माझं काय, गुडघं दुखत्यात ह्या गाडीत. मी आपली बांधाबांधानं जाते."

मग तात्या. संपतनं त्यांचा दंड धरला. "तात्या, तुम्ही न्हाय. उज्वलाला काय सांगू मी?"

"दुसऱ्या खेपंनं येतो म्हणाला बाप, येवढंच सांग," तात्या म्हणाले. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

महेश सगळ्यांत शेवटी उतरला. कसंबसं हसत म्हणाला, "दाजी, ही बया माझ्यावरच का खार खाऊन असती?"

गाडी लगेच निघाली. किती गुणी.

संपतनं कधी हाणली नव्हती तशी गाडी हाणली. मोठ्या फाट्यावर, जिथं काळी डांबरी सडक लागते, तिथं सगळ्यांना उतरवलं आणि गाडी वळवली. गाडीनं घंटी वाजवली.

"आपल्या भागात आपत्ती जाहीर झाली आहे. भारमर्यादा शिथिल करण्यात आली आहे."

"देवा," संपत म्हणाला.

"पुढील मार्ग धोकादायक आहे. भाडेकरारातील वाहन पुढे नेता येणार नाही."

आणि ती उभी राहिली. हजारो लोकांनी चढावं एवढी मोकळीक तिला आता होती. फक्त जायचं नव्हतं. तुमच्या एकाच हुकमात दोन्ही कलमं होती: माणसं कितीही भरा, आणि गाडी जळू देऊ नका.

संपत पायी धावला. अर्ध्या वाटेवर त्याला महेश भेटला. पाठीचा सदरा कातडीला चिकटला होता. हौसाबाईंना पाठुंगळी घेऊन तो काही अंतर चालला होता, मग तू तरी पळ म्हणत त्यांनीच त्याला चावून हात सोडवून घेतला होता. तात्या आणि हौसाबाई संध्याकाळी वळणावरच्या ताशीव दगडी कठड्याला टेकून बसल्या बसल्या गेलेले सापडले. तात्यांनी आपलं पागोटं सोडून हौसाबाईंच्या तोंडावर धरलं होतं.

चौकशी लागली. तालुक्याच्या सभागृहात तुमचा माणूस आला. सभ्य, हळू बोलणारा. त्यानं संपतला विचारलं, "तुम्ही त्यांना उतरा म्हणालात, की ते आपणहून उतरले?"

संपत आपल्या बोटांकडं बघत राहिला. महिनाभर तो धड जेवला नव्हता. रस्त्यात कुणी हात केला की तो दुसरीकडं बघायचा.

"करारात सगळं स्पष्ट लिहिलंय," तुमचा माणूस म्हणाला. "तरीही अशा घटना टाळण्यासाठी पुढच्या वर्षापासून वडापला विकतच्या गाड्यांचे परवानेच बंद होतील. मोजणी बंद करायची मुभाच कुणाला राहणार नाही. हे प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच आहे."

स्टँडवरचे सगळे वडापवाले मागं उभे होते. उज्वला उठली. बाईला आधी बसा म्हणून सांगण्यात आलं. ती बसली नाही.

"साहेब, त्यांना सोडा. त्यांनी सही केली, ते भोगतायत. मला तुमच्याकडनं एक ठिकाण पायजे. आग कुठपर्यंत आली म्हंजे तुम्ही जाहीर करता? पठारापर्यंत आली हुती. गोठ्यापर्यंत आली हुती. पोरांच्या केसांत राख पडली हुती, तरी तुमची आपत्ती झाली नव्हती. पुढच्या वर्षी डोंगर पुन्हा वाळणार, आणि आमच्या दारात तुमचीच गाडी असणार. म्हणून विचारते. उंबऱ्यापर्यंत? अंथरुणापर्यंत? कुठपर्यंत, ते बोट ठेवून दाखवा."

तुमचा माणूस घड्याळ बघून म्हणाला, आजची वेळ संपली.

ती अजून उभी आहे. बोला.