दुसरा रकाना

सदानंदराव सरांच्या तेराव्याचं जेवून उल्का नागरवाड्यातून निघाली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नीलिमाकाकूंनी दारात तिचा हात धरला.

"ह्यांचं काम पुरं झालं ना गं?"

"हो काकू, झालं."

"बरं वाटलं हो. सांभाळून जा, आवजे," त्यांनी गुजराती वळणानं निरोप दिला.

चक्क खोटं बोलली होती बाई. काकूंशीच नव्हे, गेलेल्या सरांशीही.

परदेशातल्या महायंत्रात कण एकमेकांवर आदळतात. त्यांची ऊर्जा मोजणारे चौसष्ट स्फटिक इथल्या प्रयोगशाळेत पारखायला आले होते. ठाऊक ऊर्जेचा किरणोत्सारी सोर्स, शर्टाच्या गुंडीएवढा, स्फटिकापुढे ठेवायचा आणि पडद्यावरचा आकडा लिहायचा. सरांचा दंडक कडक. एकानं मोजायचं, मग दुसऱ्यानं पहिल्याचे आकडे न पाहता पुन्हा मोजायचं. उल्काचा रकाना भरून झाला आणि सर अचानक गेले. मुदत तर तोंडावर आलेली. मग हिनंच आपल्या आकड्यांचे शेवटचे अंक इकडेतिकडे करून दुसरा रकाना त्यांच्या नावावर भरून टाकला.

आज फक्त फाईल पाठवायची होती. प्रयोगशाळेत एसीची घरघर, तापलेल्या वायरींचा वास. तिनं फाईल उघडली आणि आकड्यांवरून शेवटची नजर फिरवली. एक्केचाळिसावा स्फटिक. तिचा आकडा पाचशे बारा, सरांच्या नावापुढे चारशे साठ.

हा आकडा तिनं लिहिलाच नव्हता...

स्फटिकांच्या पेटीवर कायम जाड काळं कापड असे. आत उजेड गेला की मोजमाप बिघडतं. सोर्स चाचपडतच ठेवावा लागे. पुन्हा मोजून पाहायला उल्कानं तो चिमटीत धरून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

आत कुणीतरी तो अलगद तिच्या चिमटीतून काढून घेतला. थंडगार बोटं. टक्... सोर्स खाचेत बसला.

पडद्यावर आकडा आला. चारशे साठ.

चूक तिचीच होती, आणि ती आज सरांच्या नावानिशी जाणार होती. उल्काला रडू कोसळलं. हात आतच ठेवून तिनं डाव्या हातानं दुसरा रकाना पुसून टाकला.

"सर... तुमच्या नावावर मी खोटं लिहिलं. काकूंना सांगते. सगळ्यांना सांगते. माफ कराल ना?"

आतल्या बोटांनी तिचा तळवा हळूच दाबला. तेरा दिवसांचं ओझं उतरलं. भीती कुठल्या कुठे गेली. तिनं डोळे मिटले.

उल्काच्या मनगटावर नुसती घड्याळाची पट्टी होती.

पेटीत, अगदी तिच्या हाताशी, कुणा बाईच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.