धुराड्याची ओढ

धुरंधर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मभर लोकांची धुराडी साफ केली, म्हणून थट्टेनं पडलेलं. भूतबीत त्याच्या गावीही नव्हतं. घरात आवाज येतो म्हणजे पंखा तरी बिघडला असेल, नाही तर धुराड्यात पाखरू अडकलं असेल.

ताईंनी दार उघडलं तेच ओठांवर बोट ठेवून. "बाबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय. त्या धुराड्यावरच्या पंख्यानं डोकं उठवलंय अगदी. बटण बंद केलं तरी थांबत नाही हो!"

"थांबेल. न थांबून जातो कुठे?"

खोलीत लोखंडी शेगडी होती, विझलेली. तिच्यामागून धुराडं छपराबाहेर गेलेलं. शेजारच्या पलंगावर बाबा, नुसता हाडांचा सापळा. ताईंना त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. "डॉक्टरांनी हात टेकले," त्या म्हणाल्या आणि बाबांची चादर उगीच सारखी करत बसल्या.

धुरंधर छपरावर चढला. पंख्याची मोटर पार जळलेली, वायर तुटलेली. तरी पाती फिरत होती. वारा असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. पण खाली झाडाचं पान हलत नव्हतं. त्यानं मोटर पात्यांसकट काढून पिशवीत टाकली आणि खाली आला.

आवाज चालूच होता.

त्यानं मेणबत्ती पेटवून धुराड्याच्या तोंडाशी ठेवली. ओढ बघायची त्याची ही जुनी रीत. चांगलं धुराडं ज्योत आत ओढतं, तुंबलेलं बाहेर ढकलतं. ही ज्योत आत वळली, थांबली, मग बाहेर वळली. पुन्हा आत. सावकाश.

"हे काय नवीनच!" तो पुटपुटला. काजळी खोलीत पडू नये म्हणून नेहमीच्या सवयीनं त्यानं गोणपाटाचा बोळा धुराड्यात कोंबला.

आवाज थांबला. "सुटले बाई एकदाची!" ताई म्हणाल्या.

तेवढ्यात पलंग करकरला. बाबांनी आ वासला होता. खाली बसलेली छाती वर येईना.

"बाबा! अहो बाबा!"

धुरंधरनं बोळा उपसला. ज्योत आत वळली आणि बाबांची छाती भरली.

ताईंनी त्याच्या हातातला बोळा काढून घेतला.

"राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "होऊ दे आवाज."

"ताई, हे लक्षण काही बरं नाही."

"बरं-वाईट तुम्ही बघा. मला माझे बाबा हवेत."

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा तो भेटायला गेला. पलंग रिकामा होता. ताईंच्या ओठांना काजळी लागली होती.

"ओढ मंदावली होती हो. मी धुराड्याला तोंड लावून फुंकत राहिले, फुंकतच राहिले. तरी नाही थांबले बाबा." त्यांना रडू फुटलं.

धुराड्यातला आवाज मात्र चालूच होता.

"आता तरी बंद करा ते. मला ऐकवत नाही."

त्यानं आधी मेणबत्ती पेटवून ठेवली, मग बोळा कोंबला. खोली शांत झाली.

ताई डोळे पुसत काहीतरी बोलायला गेल्या. तोंड उघडलं. शब्द आला नाही.

त्यांचा हात गळ्याशी गेला.

धुरंधरनं दोन्ही हातांनी बोळा ओढून काढला. ताई धापा टाकत खाली बसल्या.

ज्योत आत वळली, बाहेर वळली. आता ती भराभर हलत होती, ताईंच्या धापेबरोबर.