बाहीवरचा तांबडा डाग

"अरे गालिह, देठं काढून फुलं कुस्कर! सगळा रस गढूळ केलास!" वेनिंग ओरडली.

"मग तूच कुस्कर ना! माझी बोटं बघ, निळ्या राक्षसाची झाली!"

शाळेच्या ओसरीवर गोकर्णाच्या फुलांची रास पडली होती. सुट्टीचे दिवस होते, आणि त्याच दुपारी पेकालोंगान शहराजवळच्या त्या गावात, खुल्या सभामंडपात, रसायन-मेळा भरणार होता. गोकर्णाचा निळा रस लिंबाने गुलाबी होतो आणि धुण्याच्या सोड्याने हिरवा, ही विद्या मुलांना प्रमोनोकाकांनी दिली होती. ते वेनिंगचे सख्खे काका, शाळेतील रसायनाचे शिक्षक आणि मेळ्याचे प्रमुख. रोज सकाळी, तिकडच्या वंदनाच्या रीतीप्रमाणे, त्यांचा हात कपाळाला लावल्यावाचून वेनिंगचा दिवस सुरू होत नसे. त्या हाताला नेहमी खडूचा वास येई.

"बाटली आणली का गं?" तिची मैत्रीण फारिखा हिने वेनिंगला अधीरपणे विचारले.

तिची अधीरता साहजिक होती. तिच्या अंगणातील विहिरीचे पाणी दिसायला नितळ. परंतु त्याने तिच्या धाकट्या भावाचे हात पुरळाने भरून गेले होते. शेजारच्या बातिकच्या कारखान्यात कापडावरचे मेण उतरविण्यासाठी सोड्याचे पाणी उकळीत. त्याची मोरी फुटली असावी, असा मुलांचा तर्क होता. गावप्रमुख बू मुर्नी म्हणाल्या होत्या, "मेळ्यात सर्वांसमक्ष ते पाणी हिरवं करून दाखवा, मोरी मी दुरुस्त करवून घेते. नाही तर विहीर बंद ठेवणारी फळी उद्या काढायची आणि पाणी पुन्हा वापरायचं!"

काल घरी पाणी हिरवेगार झाले होते. मेळ्याच्या नियमाप्रमाणे बाटली रात्री काकांच्या कुलूपबंद कपाटात राहिली. आता वेनिंगने तिच्यातील पाणी रसात ओतले.

रस निळाच राहिला!

"हे आपलं पाणीच नाही!" फारिखा किंचाळली.

"कुलूप शाबूत आणि पाणी गायब!" गालिह म्हणाला. "म्हणजे भुताकडे किल्ली आहे!"

"किल्ली तर काकांकडे असते," फारिखा हळूच पुटपुटली.

वेनिंग उसळली. "खबरदार! माझ्या काकांचं नाव घेशील तर!"

"मी कुठं काय म्हणाले? किल्ली त्यांच्याकडे असते, एवढंच."

"मग कुणीतरी ती चोरली असणार. काकांवर बोट उठण्याआधी मी तो चोर पकडून दाखवते!"

तिघांनी विहिरीतून पुन्हा पाणी काढले. निम्मे फारिखाच्या चहाच्या बाटलीत लपविले. उरलेले नव्या बाटलीत भरून तिच्या तोंडावर वेनिंगने तपकिरी बातिकचा तुकडा बांधला, आणि त्यात हळद चोळली. तपकिरी रंगात पिवळा रंग लोपून गेला.

"जो हे सोडील, त्याचे हात पिवळे," ती म्हणाली. "मग तो साबणाने धुवायला जाईल..."

"आणि होईल लालेलाल! वा गं पठ्ठे!" गालिहने टाळी दिली.

वेनिंगने बाटली काकांच्या स्वाधीन केली. "काका, आधीचं पाणी बिघडलं. हे ताजं आहे."

काका क्षणभर थबकले. "ठेव पोरी. माझ्या कपाटात सुरक्षित राहील."

दुपारी मंडप गजबजून गेला. पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक ऐटीत बसले होते. बाटली हाती येताच गालिह कुजबुजला, "गाठ बघ! तू अशी बांधली नव्हतीस!"

तिघांचे डोळे गर्दीतील हातांवरून भिरभिरू लागले. तेवढ्यात नवा पांढरा सदरा घातलेले काका आले. बाहीच्या टोकाशी तांबडा डाग होता.

सांबालची चटणी सांडली असेल, वेनिंगने मनाला बजावले. चटणीच ती!

काका मुलांच्या मेजाजवळ आले, सहज बोलता बोलता त्यांनी लिंबाची एक फोड उचलली आणि खांबाआड जाऊन ती बाहीवर पिळली. मागोमाग गेलेल्या वेनिंगच्या डोळ्यांसमोर तांबडा डाग पिवळा झाला.

चटणीचा डाग लिंबाने पिवळा होत नाही. अजाण मनुष्य तो साबणाने पुन्हा पुन्हा घाशीत बसला असता. त्यावर लिंबाचा उतारा शोधणे हे रसायन जाणणाऱ्याचेच काम होते. आणि तो उतारा वेनिंगने त्यांच्याकडूनच शिकला होता.

"काका," ती मागून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "डाग पिवळा झाला."

काकांनी बाही झाकली. मग हात खाली सोडला. "मालक शाळेला प्रयोगशाळा देणार होते गं. मोरीची बोंब झाली असती तर गेली असती हातची. तुमच्यासाठीच केलं मी."

"आमच्यासाठी? फारिखाच्या भावाचे हात बघितलेत का तुम्ही?"

"पुढचा गट!" मंडपातून पुकारा झाला.

वेनिंग डोळे पुसून पुढे गेली. "कपाटातलं पाणी कुणीतरी बदललंय," असे सांगून फारिखाने चहाची बाटली काढताच हशा पिकला. परंतु पाणी पडले, निळा रस हिरवा झाला आणि हशा विरला.

"लबाडी!" मालक ओरडले. "घरून सोडा कालवून आणलाय पोरांनी!"

"असं?" बू मुर्नी उठल्या. "चला विहिरीवर. पाणी मी स्वतः काढते!"

सारा गाव त्यांच्यामागे निघाला. बू मुर्नींनी स्वहस्ते पोहरा ओढला, आणि रस पुन्हा हिरवा झाला! मालकांची मान खाली गेली.

"मोरी दुरुस्त होईपर्यंत कारखान्याची चूल पेटणार नाही!" बू मुर्नींनी बजावले. "शाब्बास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत. पण कपाटातलं पाणी बदललं कुणी?"

वेनिंगने काकांच्या बाहीवरून नजर खाली वळविली.

"मी," काका म्हणाले.

बू मुर्नी त्यांच्याकडे वळल्या. "पहिलं बक्षीस मेळ्याच्या प्रमुखानं द्यायचं असतं, प्रमोनो. दे. पण पोरीच्या डोळ्यांत बघून दे."

"शाब्बास, वेनिंग," काका म्हणाले. वर्षभर ज्या शब्दाची तिने वाट पाहिली होती, तो हाच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने वेनिंगने काकांचा हात हाती घेतला, मान झुकविली. हाताला खडूचा वास नव्हता, लिंबाचा होता.

कपाळ बोटभर अंतरावर थांबले. मग तिने तो हात अलगद सोडून दिला.