कुणी आपलं न म्हटलेलं यंत्र

आई त्या इमारतीत गेली होती ती चौथ्या मजल्यावर, नोकरीच्या मुलाखतीला. मुलाखत सात मिनिटांत संपली. "अनुभव नाही," असं म्हणून साहेबांनी तिचा अर्ज तिच्याच हातात परत दिला आणि आई जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर एका उघड्या दारातून तिला आवाज आला.

"सहा दिवस झाले तुला या घरात येऊन. खायला कागद देतोय, प्यायला वीज देतोय... आणि तोंडातून ब्र काढत नाहीस?"

आईला हसू फुटलं. रडू दाबून ठेवलेल्या माणसाला फुटतं तसं, जरा मोठ्यानंच.

"हसणाऱ्यांनी आत यावं," आवाज म्हणाला. "बाहेर उभं राहून हसायला इथे मनाई आहे."

ती आत गेली. ते अंध वाचकांचं ग्रंथालय होतं. भिंतीभर जाडजूड पुस्तकं, खिडकीशी एक नवा संगणक आणि त्याच्या शेजारी करड्या रंगाचं, बैठ्या पेटीएवढं यंत्र. जाड कागदावर ठिपके उठवून ब्रेल छापणारं. त्याच्यापुढे हाताची घडी घालून बाबा बसले होते. बाबा तिथे मुद्रितं तपासायचे, बोटांनी. जन्मापासून त्यांना दिसत नाही.

"याला झालंय काय?" आईनं विचारलं.

"जुना संगणक जळला, सोबत जुनं छपाईयंत्रही. नवा आला, पण या दोघांचं पटत नाही. यंत्र वापरून बघायला दिलंय. शनिवारी दुपारी विक्रेत्याचा माणूस येणार. चाललं तर ठेवायचं, नाही चाललं तर तो घेऊन जाणार."

"आणि मग?"

"मग छपाई बंद. छपाई बंद म्हणजे मी काय तपासणार? भावाच्या घरी जाऊन वहिनीच्या भाज्या निवडणार."

त्या दिवशी गुरुवार होता.

आईनं वाकून वायर बघितली. चपटं टोक, यूएसबी. मग तिनं परवानगी न मागता खुर्ची ओढली आणि संगणकाची नोंदवही उघडली. सुरू झाल्यापासून आपल्याला काय काय भेटलं, ते संगणक त्यात ओळीओळीनं लिहून ठेवतो. शेवटची ओळ वाचून ती थांबली.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"लिहिलंय... एक यंत्र जोडलं गेलं आहे, पण त्याला कुणी आपलं म्हटलेलं नाही."

बाबा पुढे सरकले. "असंच लिहिलंय? अगदी याच शब्दांत?"

"जवळजवळ."

"संगणकाला एवढं छान लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं."

मग आईनं त्यांना समजावलं. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणतं यंत्र दाराशी आलंय आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे त्यानं बघायचं. इथला कारभारी कुणीतरी फार काटकसरीनं बसवला होता. यूएसबीवरून छपाई करायची भाषा त्याला शिकवलेलीच नव्हती. म्हणजे कारभारी नव्यानं बांधायचा.

"तुम्हाला येतं ते?"

"येतं," आई म्हणाली. चौथ्या मजल्यावर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि चहा मागवला.

कर्नल बांधताना शेकडो प्रश्नांची यादी समोर येते. हे हवं? ते हवं? प्रत्येकाला तीनच उत्तरं. हो, नाही, किंवा लागेल तेव्हा. "मला दिसत नाही, तेव्हा बोलत बोलत काम करा," असं बाबा म्हणाले, म्हणून आई प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचू लागली. आईचं कामच तसं होतं, एकही प्रश्न ती बिनवाचता ओलांडायची नाही. ज्याचा अर्थ कळला नाही त्याच्याखालचं स्पष्टीकरण उघडायची, ते पुरं वाचायची आणि मगच उत्तर द्यायची. मी पुढे कितीतरी वर्षं तिला असं काम करताना बघितलं. घाईनं दिलेलं एकही उत्तर मला आठवत नाही. एक सोडून... आणि ते मी बघितलेलं नाही, ऐकलेलं आहे.

"यूएसबीचा आधार?"

"हो," बाबा म्हणाले.

"उत्तर मी द्यायचंय."

"पण तुम्ही हो म्हणणार होतात."

"यूएसबी छपाईयंत्र?"

"हो! आणि ढोल वाजवून हो."

"यूएसबी कॅमेरा?"

"नाही."

आईची बोटं थांबली. "प्रत्येक वेळी माझ्याआधी कसं कळतं तुम्हाला?"

"तुमच्या कानातल्यांमुळे."

"काय?"

"उत्तर द्यायच्या आधी तुम्ही मान हलवता. 'हो'ला ती दोन्ही एकदम वाजतात. 'नाही'ला एकामागून एक." बाबांनी मान वळवली नाही, फक्त किंचित हसले. "'लागेल तेव्हा'ला वाजतच नाहीत. तेव्हा तुम्ही ओठ चावत असाल."

आई म्हणायची, मी त्या वाक्यानं मुळीच गडबडले नव्हते. बाबा म्हणतात, पुढचे दोन प्रश्न तिनं मोठ्यानं वाचलेच नाहीत. आता तिची बाजू मांडायला ती नाही, म्हणून दोन्ही म्हणणी लिहून ठेवते. एवढं मात्र खरं, की त्या दोनांपैकी एका प्रश्नाला तिनं नुसतंच "नाही" दाबलं.

नवा कर्नल बांधून व्हायला तीन तास लागले. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि दोघं बोलत होते. काय बोलत होते ते दोघांनीही मला कधी नीट सांगितलं नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या सकाळी येते, मग चालू करू." जागा कमी होती म्हणून जाता जाता तिनं जुना कर्नल पुसून टाकला. तो ठेवायचा असतो. ज्यांनी हे काम केलंय ते इथे कपाळावर हात मारतील.

शुक्रवारी सकाळी ती आली, तेव्हा बाबा म्हणाले, "आज कानातली नाहीत."

"नाहीत," आई म्हणाली. "काम आहे."

तिनं संगणक सुरू केला. ओळी धावल्या... यूएसबी दिसलं... छपाईयंत्र दिसलं... आणि शेवटी पडदा स्वच्छ होऊन एकच प्रश्न उरला. आईनं कळा दाबल्या.

"काय म्हणतोय?"

"नाव विचारतोय. आत यायला आधी नाव सांगावं लागतं."

"मग सांगा की."

"सांगता येत नाही." आईनं पुन्हा कळा दाबल्या. मग जोरात. मग सगळ्या एकदम. "कळफलकही यूएसबीचाच आहे. माझ्या घरचा जुना आहे, गोल टोकाचा, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. काल विचारलं होतं त्यानं, माणसांनी हातानं चालवायची यूएसबी उपकरणं हवीत का... मी नाही म्हटलं."

"म्हणजे तो यंत्राला ओळखतो, पण आपल्याला ओळखत नाही."

"आणि जुनं काही शिल्लक नाही. मी पुसलं." आईनं नाक ओढलं. "खरं सांगू का? मी हे फक्त माझ्या घरच्या संगणकावर केलंय. दुसऱ्या कुणाच्या यंत्राला कधी हातही लावलेला नाही. वर त्यांनी म्हटलं ते बरोबरच होतं. तुमचं काम... तुमची छपाई..."

"तू रडतेस का?"

तो पहिला 'तू'. तो निसटला की मुद्दाम आला, यावर आमच्या घरात वीस वर्षं वाद चालला.

"नाही," आई म्हणाली.

"मग बरं. रडलीस तर मला रुमाल शोधावा लागेल. त्यापेक्षा कळफलक शोधणं सोपं. गोल टोकाचा पाहिजे ना?"

जळलेल्या संगणकाचं सामान मागच्या खोलीत होतं, फाटक्या पुस्तकांच्या ढिगाखाली. आईनं दिवा शोधायला सुरुवात केली. दिवा सापडायच्या आत बाबा बाहेर आले होते, कोपरापर्यंत धुळीनं माखलेले, काखेत कळफलक.

"आता ते भोक कुठे असेल?" असं म्हणत आई टेबलाच्या मागे वाकायला लागली, तर त्यांचा हात आधीच तिथे पोचलेला. "दोन गोल भोकं आहेत, एकावर एक. एकसारखीच लागतात. कुठलं?"

"जांभळं."

"वा!" बाबा म्हणाले. "जांभळं कसं लागतं हाताला?"

आई इतकी हसली की ग्रंथपाल बाई उठून बघायला आल्या. संगणक बंद करून, वायर लावून आईनं तो पुन्हा सुरू केला. नाव विचारलं गेलं. आईनं नाव सांगितलं. दार उघडलं.

मग यूएसबी कळफलकासाठी पुन्हा यादी, पुन्हा तीन तास. या वेळी प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला गेला आणि बाबा शहाण्यासारखे गप्प बसले. साडेचारला नोंदवहीत नव्या ओळी आल्या. यंत्रालाही आणि कळफलकालाही कुणीतरी आपलं म्हटलं होतं.

"छापायला काहीतरी द्या," आई म्हणाली.

बाबांनी कळफलक जवळ ओढला आणि दोनतीन वाक्यं लिहिली. ब्रेलच्या सहा कळांनी, त्यामुळे पडद्यावर नुसती चिन्हंच उमटली. आईला त्यातलं काही कळेना. यंत्रानं एक उसासा टाकला आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाजायला लागलं. बाबांचा चेहरा तेव्हा कसा दिसत होता, हे आई मला सांगायची. दर वेळी सांगायची आणि दर वेळी वाक्य अर्धंच सोडायची.

त्यांनी कागद फाडून घेतला, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि तिच्यापुढे धरला. "घे. पहिलं पान तुझं."

"काय लिहिलंय?"

"छपाई तपासायला काहीतरी लिहिलं," बाबा म्हणाले. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

शनिवारी विक्रेत्याचा माणूस आला आणि रिकाम्या हातानं परत गेला. यंत्र राहिलं, बाबांची खुर्ची राहिली. आईला मात्र तिथे यायला काही कारण उरलं नव्हतं.

तीन दिवसांनी, बाबांच्या जेवायच्या वेळेला, ती ग्रंथपाल बाईंकडे गेली. "ब्रेल शिकायचं पुस्तक मिळेल का? डोळसांसाठी असतं ते. आणि लिहायची पाटी, टोच्या?"

"कुणासाठी?"

"भाच्यासाठी."

"त्याला दिसत नाही?"

"दिसतं. पण... हुशार आहे."

बाईंनी पुस्तकही दिलं, पाटीही दिली, नोंद मात्र केली नाही. घरी मावशी रोज टोमणे मारायची. "कागदाला काय गोंजारतेस एवढं? मांजर आहे का ते?" आई एकेका ठिपक्यावरून बोट फिरवायची, मग डोळ्यांनी ताडून बघायची. अकराव्या दिवशी पान पूर्ण लागलं.

'यंत्र चालू झालं. म्हणजे आता तू येणार नाहीस. ते उद्या बंद पडावं, अशी माझी फार इच्छा आहे.'

आईनं ते मावशीला वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "नोकरी जाईल ना त्याची, मूर्खाची!"

"हो ना," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी मांडली, टोच्यानं ठिपके टोचत उत्तर लिहिलं आणि ग्रंथालयात जाऊन तो कागद बाबांच्या टेबलावर ठेवला. बाबांनी त्यावर बोटं टेकवली. कपाळाला आठी पडली. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"ही कुठली भाषा?"

आईनं कागदाकडे वाकून बघितलं आणि चूक तिच्या लक्षात आली. टोच्यानं लिहिताना उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहायचं असतं. मग कागद उलटला की ठिपके सरळ लागतात. पुस्तकात हे पहिल्याच पानावर, प्रस्तावनेत होतं. पण आईनं प्रस्तावना कधीच वाचल्या नाहीत.

बाबांनी कागद उलटा केला आणि उठलेल्या ठिपक्यांऐवजी टोचलेले खड्डे चाचपायला सुरुवात केली. सावकाश. इतकं सावकाश वाचताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं.

'ते चालू असलं तरी मी येईन.'

वाचून झालं, तरी बोट शेवटच्या शब्दावरून हलेना.

"वाचता आलं?" आईनं विचारलं.

"खड्डेच खड्डे आहेत," बाबा म्हणाले. "पण रस्ता कळला. हात दे."

तिनं दिला. त्यांनी तिच्या तळहातावर बोटाच्या टोकानं ठिपके ठेवले, आधी एका अक्षराचे, मग दुसऱ्याचे. पहिलं तिनं ओळखलं. दुसरं कळलं नाही असं ती म्हणाली, म्हणून त्यांना ते पुन्हा लिहावं लागलं. आणि मग आणखी एकदा.

आई शेवटपर्यंत म्हणायची, खरंच कळलं नव्हतं. बाबा म्हणतात, साफ खोटं. मला वाटतं, इथे बाबांचंच खरं असावं.