पहिल्या डब्याचा दोष

आठ वर्षांनी क्रांती माहेरच्या घरात जेवायला बसली होती, आणि निम्मी भाकरी संपली तरी तिनं भावाकडं एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं… पिराजी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसला होता. ताटात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, सगळं तिच्या आवडीचं. पिराजीची बायको माहेरी मलकापूरला गेलेली, म्हणून विठाबाईनं सकाळपासून स्वतः राबून रांधलेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती म्हातारी लेक आली म्हणून घरभर नुसती भिरभिरत होती. आपल्या दोन लेकरांच्या मध्ये आठ वर्षं काय येऊन बसलंय, याचा त्या माउलीला पत्तासुद्धा नव्हता! आत्ताही लेक दोन घास जास्त खाईल म्हणून ती दही आणायला शेजारी गेली होती.

आई उंबऱ्याबाहेर पडली तशी क्रांतीनं हातातला घास ताटात ठेवला.

"दादा, एक विचारू?"

"इचार की."

"आत्ता अमरसिंहच्या कारखान्यातनं आले मी. आमच्या केंद्राच्या प्रयोगांचे सहा डबे तिथं तयार होताहेत. एकातसुद्धा खोट नाही. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, पिराजीदादांनी." तिची नजर ताटावरच होती. "म्हणजे तुला येत होतं. सगळं येत होतं. मग माझ्याच डब्याच्या वेळी तू असं का केलंस?"

पिराजीनं तांब्या उचलला, घोटभर पाणी प्यायला आणि तांब्या जागच्या जागी ठेवला.

"चुकलं माझं. तवाच सांगितलंय की."

सांगितलं होतं खरं, पण ते किती खोटं होतं, हे या जगात त्याच्या एकट्याच्या अंतःकरणाला ठाऊक होतं.

वडील केरबा गेले तेव्हा पिराजी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि क्रांती सहावीत. त्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वडिलांच्या लेथवर जाऊन उभा राहिला. बहीण शिकली पाहिजे, एवढाच एक ध्यास! ती शिकली, पदार्थविज्ञानात डॉक्टर झाली आणि पुण्याबाहेर नव्यानं उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय क्वांटम संशोधन केंद्रात रुजू झाली. तिथं तिला पहिल्याच प्रयोगासाठी एक डबा हवा होता. स्टेनलेस स्टीलचा, घागरीएवढा, चहूबाजूंनी काचेच्या खिडक्या बसवायला तोंडं असलेला. डबा तापवून त्यातली हवा पार काढून घ्यायची आणि त्या पोकळीत नुसत्या उजेडानं अणू धरून ठेवायचे. आत बोटाचा ठसा जरी राहिला तरी त्याची वाफ महिनोन्महिने निघत राहते आणि सगळ्यावर पाणी पडतं. असले डबे परदेशातनं यायचे. क्रांती भरल्या बैठकीत म्हणाली, "माझा भाऊ कोल्हापुरात करील." आणि भावानं केला! पाच महिने खपला, आतनं आरसा लखलखावा तसा घासला, धुतला, चंदेरी कागदात गुंडाळला. कारखान्यात लोखंडाची धूळ उडते म्हणून शेवटच्या दिवशी डबा घरी आणून देवघराच्या खोलीत ठेवला. सकाळी टेम्पो आला आणि डबा गेला.

महिन्यानं तो परत आला, आणि त्याच्यासोबत अहवाल. आत तेलकट मळ सापडला, कारण कारागिराचा निष्काळजीपणा. खाली सही क्रांतीची. त्याच दिवशी तिचा फोन आला. "दादा, वर्ष गेलं माझं. वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले मला, घरच्या माणसाला काम दिलं की असंच व्हायचं…" आणि ती रडायला लागली.

पिराजीनं बॅटरी लावून डब्यात पाहिलं. एका तोंडाच्या आतल्या कडेला, सहज दिसू नये अशा जागी, गव्हाच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता, तापवल्यानं कडेनं पसरलेला. घरी आला, तर आईनंच आपण होऊन विचारलं, "पोचला न्हवं रं डबा? तू आंघोळीला गेलतास तवा कागूद सोडून आतनं तीट लावली म्या. पुन्हा हुता तसा गुंडाळून ठिवला. लेकीच्या पयल्या कामाला कुणाची दिष्ट नगं लागायला."

घरचं काजळ… तुपाच्या दिव्यावर धरलेलं, एरंडेलात खललेलं. ज्या बोटानं दोन्ही लेकरांच्या गालावर तीट लावली, त्याच बोटानं, त्याच वात्सल्यानं त्या पोलादाच्या गालावर लावलेली!

पिराजीला त्या क्षणी काय करावं ते समजेना. क्रांतीला सांगावं, तर तिचा राग आधीच आभाळाला भिडलेला, ती आईला बोलल्यावाचून राहणार नाही. आणि आई? माझ्या हातानं लेकीचं वाटोळं झालं, हे एकदा कळलं की म्हातारीनं अंथरूणच धरलं असतं. आईनं लेक गमवावी त्यापरीस आपण बहीण गमावू, असं त्यानं ठरवलं. क्रांतीला फोनवर एवढंच सांगितलं, चुकलं माझं, आणि आईला म्हणाला, "पोचला. पर आई, तीट लावली म्हणून कुनाला सांगू नगंस. सांगितली की गुण जातो." त्या भाबड्या जिवानं ते खरं मानलं.

क्रांती यायची थांबली. दिवाळीला ती आईला पुण्याला बोलवून घ्यायची, कामाचं निमित्त सांगायची. आठ भाऊबिजा आल्या आणि गेल्या, आणि पिराजीच्या कपाळाला बहिणीच्या हातचा टिळा लागला नाही. केंद्राच्या यादीतनं त्याच्या कारखान्याचं नाव उडालं ते उडालंच. पण हा गडी कसला गप बसतोय! असले डबे धुवायचे कसे, तापवायचे कसे, झाकायचे कसे, हे तो पुण्या-मुंबईच्या चार जाणत्या लोकांच्या मागं लागून शिकला आणि जो विचारेल त्याला शिकवत सुटला. केंद्राला डबे लागतच होते. उद्यमनगरातल्याच अमरसिंहनं केले, मग आणखी पाच-सात जणांनी केले. ज्या उद्यमनगरात काळे हात हीच टर्नरची ओळख, तिथं गडी लेथवरच्या जॉबला शिवायच्या आधी दोनदोनदा साबणानं हात धुऊ लागले. त्यांच्या बायका म्हणायच्या, जेवायच्या आधी कधी एवढं धुतलं न्हवतं. अख्ख्या गल्लीचं काम त्या केंद्रानं बदलून टाकलं, आणि ज्यानं बदलाची वाट दाखवली तो मात्र पंपाचे दांडे कातत राहिला. त्याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख एकाच शब्दाचं होतं… निष्काळजीपणा.

"अमरसिंहनं आणखी एक सांगितलं," क्रांती म्हणाली. "तयार डबा एक रात्रसुद्धा घरी ठेवायचा नाही, असं तू सगळ्यांना बजावतोस. का?"

"धूळ असती घरात."

"कारखान्यापेक्षा जास्त?"

तेवढ्यात विठाबाई दह्याचं भांडं घेऊन आत आली आणि लेकीजवळ फतकल मारून बसली.

"क्रांते, त्या धोंडुबाईच्या घरी आत्ता तुझंच बोलणं निगालं बग. पेपरात फोटू आलता न्हवं तुमच्या केंद्राचा. एवढं मोठं नाव झालं तुझं. आता सांगाय काय हरकत न्हाय."

पिराजी घाईनं मधेच बोलला. "आई, दही वाढ तिला आदी."

"वाढतो की. तू गप." विठाबाई लेकीकडं वळली. "तुझ्या पयल्या डब्याला म्या आतनं तीट लावलती. घरच्या काजळाची. ह्यो म्हणाला, सांगू नगंस, गुण जातो. म्हणून आठ वर्सं तोंड दाबून बसलो बग मी."

क्रांतीचा हात ताटावरच थांबला. तिनं हळूहळू मान वर केली आणि आज पहिल्यांदा भावाकडं पाहिलं. डब्यात सापडलेला तो काळा तेलकट मळ, घरी डबा न ठेवण्याचा नेम, आणि फोनवरचं ते एकच वाक्य, चुकलं माझं… सगळं एका क्षणात तिला कळून चुकलं. तिच्या ओठांवर शब्द आले होते. पिराजीनं काही न बोलता मान हलवली, एकदाच, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी व्याकूळ विनवणी होती की क्रांतीला ती बघवेना.

"गुण आला का न्हाय माझ्या तिटंचा?" म्हातारीनं विचारलं.

क्रांती आईकडं वळली. "आला की गं आई. तुझ्या तिटंचाच गुण हाय सगळा."

विठाबाईचा सुरकुतलेला चेहरा कृतार्थतेनं उजळला. "बग, म्या म्हटलं न्हवतं?" असं पिराजीला सुनावून ती उठली आणि धोंडुबाईला ही बातमी सांगायला तशीच परत गेली.

घरात दोघंच उरली. क्रांती रडत होती, आवाज न करता. "आठ वर्षं, दादा… मी तुला काय काय बोलले. आणि तू ऐकून घेतलंस."

"तुझी चूक न्हवती. आईची बी न्हवती. मग कुनाची म्हणून सांगू?" पिराजी म्हणाला. "तिला कदी कळू देऊ नगंस, एवढंच बग."

"नाही कळणार." तिनं उठून हात धुतला, डोळे पुसले आणि पिशवीतनं लॅपटॉप काढून भावाशेजारी येऊन बसली. "तो अहवाल माझ्या सहीचा आहे. तो मीच दुरुस्त करणार."

"आन दोष कुनाचा लिवणार?"

"माझा."

"येडी का काय तू? तुझ्या नावाला बट्टा लागंल. विभागाची मुख्य हाईस आता."

"खरं तेच लिहितेय. डबा हातात आल्यावर उघडून आतनं तपासायचं काम माझं होतं. भावानं केलाय, म्हणून मी बघितलंच नाही. तसाच तापवायला घातला." ती लिहीत राहिली. लिहून झाल्यावर एकेक शब्द सावकाश वाचू लागली. "डब्याच्या कारागिरीत कोणताही दोष नव्हता. तो पोचल्यावर करायची तपासणी माझ्याकडून राहून गेली. कारागीर, पिराजी केरबा चौगुले, कोल्हापूर."

वडील गेले तेव्हाही न रडलेला पिराजी लॅपटॉपच्या पडद्याकडं वाकला.

"अजून एकदा वाच," तो म्हणाला.

तिनं वाचलं. त्याच्या गालांवरनं आसवं ओघळत होती आणि हात उष्टा असल्यानं त्याला ती पुसता येईनात. क्रांतीनं आपल्या ओढणीनं त्याचे डोळे पुसले, आणि त्याला सांगावं न लागता तिनं तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली.