चार वाजताचं नाक

"अहो, कुणी आहे का आत? तुमचं काहीतरी करपतंय!"

मागच्या दारातून हाक आली, तेव्हा ती हंड्यापासून जेमतेम हातभर अंतरावर बसली होती. हातभर! मांडीवर बाटल्यांच्या चिठ्ठ्या, हातात पेन... आणि शेजारी मोठ्या तांब्याच्या हंड्यात सातूचं पाणी बुडाला लागून कोळसा व्हायला आलेलं. ती धडपडत उठली, आच बंद केली, लांब दांड्याने तळ खरवडला. काळे पापुद्रे भराभर वर आले. झालं! सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली.

दारात एक उंच माणूस छत्री मिटत उभा होता. बाहेर रिमझिम चालू होती आणि त्याचा डावा खांदा भिजला होता.

"मी तीन दुकानं सोडून पलीकडे असतो. सिगारींचं दुकान," तो म्हणाला. "खरं म्हणजे भांडायलाच आलो होतो. सिगार ही फार भोचक वस्तू असते हो, शेजारचे सगळे वास आत ओढून घेते. तुमच्या बिअरमधल्या त्या हॉप्सच्या फुलांचा वास महिनोन् महिने सहन केला. पण आज हे करपलेलं..." तो मध्येच थांबला. हंड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एक विचारू? तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीय."

"कधीपासून?"

ती थाप मारणार होती. पण त्या माणसाचे डोळे असे काही शांत होते, की तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं. "सात आठवडे झाले. ताप आला, गेला... जाताना नाक घेऊन गेला."

बिअर बनवणारीला वास येत नाही म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं. याला नाही लागलं. तो आतल्या खोक्यावर मटकन बसलाच. "बाप रे," एवढंच म्हणाला.

हे तिने अजून ताईलाही सांगितलं नव्हतं. सांगणार कोणत्या तोंडाने? ताईने बरी चाललेली नोकरी सोडून ही छोटीशी भट्टी काढली होती, ती धाकटीच्या नाकाच्या भरवशावर. पुढचं दुकान ताई बघायची, मागची भट्टी ही. पाच आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, त्यांच्या काळ्या बिअरची पहिली चव घ्यायला पंचवीस जाणकार येणार होते. आणि बनवणारी मात्र आंधळ्यासारखी चाचपडत होती.

"मला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही," तो जरा वेळाने म्हणाला. "पण नाक आहे. त्याच्यावरच पोट भरतो. चार वाजता माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं. रोज येऊन वास घेतला आणि तुम्हाला सांगितला, तर चालेल?"

"तुम्ही का करणार हे?"

"माझ्या सिगारींना करपलेलं आवडत नाही म्हणून," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

अशी ती चार वाजताची शाळा सुरू झाली. ताईला सांगितलं, की शनिवारी काळ्या बिअरबरोबर सिगारही द्यायची आहे, त्याची तयारी चाललीय. ताईने एक भुवई वर केली, बस्स. ताईची एक भुवई म्हणजे पानभर मजकूर असायचा.

तो यायचा तेव्हा हात कोपरापर्यंत धुऊन यायचा. दारावरची पाटी त्याला भारी आवडली होती. तिनेच लिहिलेली: 'अत्तर, सेंट लावून आत येऊ नये. शेजाऱ्यालाही चव घेऊ द्या.' "माझ्याही दुकानात अशीच आहे," तो म्हणाला होता. "दहा वर्षं झाली, दाढीनंतर गालाला नुसतं गार पाणी. धंद्याचा नियम म्हणजे नियम."

मग ती पेला तिरपा धरून बिअर ओतायची, फेस दोन बोटं बसू द्यायची आणि पेला त्याच्या पुढे सरकवायची. तो डोळे मिटायचा. आणि ती... ती त्याच्याकडे बघत बसायची. कामच होतं ना ते!

"हं... वर पिकलेलं केळं. जरा जास्तच पिकलेलं."

"म्हणजे पिंप गरम राहिलंय. उद्या थंड जागी हलवते. अजून?"

"खाली... थांबा... पावसात भिजलेलं दप्तर."

"दप्तर? दप्तराचं मी काय करू?"

"वाळत घाला!"

ती खळखळून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पण दप्तर तिला नेमकं कळलं होतं. ओलसर चामडं, आत पेन्सिलीचा भुगा. पिंपाचं लाकूड नीट सुकलं नव्हतं! ती धावत जाऊन पिंप बदलून आली. त्याचं हे असंच. नव्या वहीचं पान, इस्त्रीचा गरम शर्ट, शिळ्या पावाची कड. वास तिला येत नव्हता, पण तो बोलायला लागला की जुने वास कुठूनतरी उठून यायचे आणि हात आपोआप कामाला लागायचे.

एकदा त्याने सिगार आणली. टोक कापलं, देवदाराची पातळ काडी पेटवून त्या ज्योतीवर सावकाश फिरवली आणि तिच्या हातात दिली. "घाई नाही. धूर गिळायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. राख झटकू नका, तिची ती पडेल."

"जिभेवर मिरी लागतेय," ती म्हणाली. "बाकी सगळं कोरं."

"आता काळ्या बिअरचा घोट घ्या. लगेच गिळू नका."

"हे मी सांगायचं तुम्हाला!" ती म्हणाली. घोटाबरोबर मिरी मऊ झाली, काहीतरी गोडसर पसरलं. "म्हणजे आपला दोघांचा धंदा एकच. तोंडात धरून ठेवायचं."

"हो... पण तुम्ही बोलणंसुद्धा तसंच धरून ठेवता, मास्तरीणबाई."

"मी? काय धरून ठेवलंय?"

"मला कसं कळणार? वास येत नाही त्याचा."

तिचे कान तापले. सिगारमुळेच असणार, दुसरं काय!

त्याच आठवड्यात त्याने सहज सांगावं तसं सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या सिगार कारखान्यातून बोलावणं आलं होतं. तंबाखूची पानं पारखायला माणूस हवा होता. दोन वर्षांसाठी.

"अरे वा," ती म्हणाली आणि पुसलेला पेला परत पुसायला घेतला. "कधी निघणार?"

"त्यांना कळवलंय, थोडं थांबा. तुमचं नाक आलं की निघतो. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यातला नाही मी."

नाक परत यावं म्हणून ती दिवसरात्र देव पाण्यात घालून बसली होती. त्या क्षणापासून तिला कळेना, की देव पाण्यातच राहू द्यावेत की काय.

आणि मग, शनिवारच्या दहा दिवस आधी, बुधवारी ते झालं. तो पेला घ्यायला पुढे वाकला, त्याच्या शर्टाची बाही तिच्या तोंडाजवळून गेली आणि... देवदार! सिगारच्या पेटीचं कोरडं, उबदार लाकूड. त्याच्यामागे हलकी तंबाखू, त्याच्यामागे साधा साबण. तिने पेला इतका झटकन मागे ओढला की फेस टेबलावर सांडला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "आज काही आला का वास-बिस?"

ओरडायला हवं होतं. नाचायला हवं होतं. बरणीतली लवंग, लिंबाची साल, भाजलेले सातू, सगळं एकेक करून हुंगायला हवं होतं.

"कुठलं काय," ती म्हणाली.

झालं, तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. सकाळी पिंपं हुंगत फिरायची, एक नंबरचं, दोन नंबरचं, सगळी खणखणीत, झकास! आनंदाने रडू यायचं. आणि चार वाजले की तोंड पाडून बसायचं, त्याने सांगितलेलं वहीत लिहून घ्यायचं. तो मनापासून डोळे मिटून वास घ्यायचा आणि ही समोर बसून त्याला फसवायची. त्याची एवढी मोठी संधी तिच्या खोट्यापायी अडून राहिली होती. उद्या सांगू, ती रोज ठरवायची. उद्या नक्की. मग तो छत्री मिटत दारात उभा राहायचा आणि ही मुकाट्याने वही उघडायची.

"अगं, त्या पेल्याला भोक पडेल!" ताई ओरडली. "किती पुसशील? बस की जरा! नुसती मुंगळे लागल्यासारखी इकडून तिकडे."

मंगळवारी तो शनिवारच्या सिगारी दाखवायला घेऊन आला. पेटी उघडी ठेवून दोघं पुढच्या दुकानात निवडत बसली होती. मागे भट्टीत हिच्या जागी उभ्या ताईने, न सांगता, उकळत्या हंड्यात हॉप्सची उग्र वासाची फुलं टाकली. हिचा हात आपसूक पुढे गेला आणि तिने पेटीचं झाकण लावलं. मग बोलणं पुढे चालू राहिलं. त्याने झाकणाकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे एकदा बघितलं.

शनिवार उजाडला. खुर्च्या मांडल्या, पेले मांडले, ते आवडले नाहीत म्हणून परत मांडले. साडेतीनपासून ती मागच्या दारापाशी येरझारा घालत होती. आज शेवटचा वास. आज सांगायचंच. चार वाजले.

दार उघडलं आणि तिला कुणीतरी तोंडावर उशी दाबावी तसं झालं. गुलाब! मोगरा! वर कसलं तरी भयंकर गोड सरबत! तो आत आला, नेहमीसारखा, स्वच्छ शर्टात, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता.

"बसा," ती कशीबशी म्हणाली. डोळ्यांत पाणी तरळलं.

तो अगदी शेजारी येऊन बसला. "आज तरी काही येतोय का वास?"

"अं... नाही."

"जरासुद्धा नाही?" तो आणखी जवळ सरकला.

"अजिबात..." तिने श्वास कोंडला. नाक हुळहुळलं. तिने ओठ दाबले, मुठी वळल्या... आणि जी शिंक आली, ती थेट पुढच्या दुकानात ताईपर्यंत पोचली. पाठोपाठ दुसरी. तिसरी. "शी! हे काय ओतून आलायस अंगावर! दारावरची पाटी दिसत नाही का तुला? दोन तासांत माणसं येणार, काळी बिअर उघडायचीय, आणि तू..."

ती थांबली. ती त्याला अरे-तुरे बोलली होती, हे तर होतंच. पण बाकीचंही होतं.

"कधी आलं?" त्याने हळूच विचारलं.

"मागच्या... मागच्या आठवड्यात. बुधवारी." तिला त्याच्याकडे बघवेना. "आणि तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. माझ्या सिगारींना वास लागू नये म्हणून झाकण लावलंस ना, तेव्हा."

"म्हणजे चार दिवस तू माहीत असून येत होतास? रोज डोळे मिटून केळं आणि दप्तर सांगत होतास?"

"तू लिहून घेत होतीस की!"

तिला हसूही आलं आणि रडूही. "मी वाईट वागले रे. नाक आलं की तू जाणार, म्हणून मी ते लपवून ठेवलं. आता जा म्हणायला हवं मला. एवढं मोठं काम, तुझ्या नाकाची किंमत कळणारी माणसं... तोंडापर्यंत येतंय बघ. पण म्हणवत नाही. नको जाऊस. मला तू हवा आहेस."

त्याने टेबलावरची तिची वही मिटली. मग म्हणाला, "मी त्यांना परवाच कळवलं. येत नाही म्हणून."

"परवा? मग हे अत्तर कशाला?"

"इथे यायला मला रोज निमित्त होतं, तुझ्या नाकाचं. मला निमित्ताशिवाय यायचं होतं. म्हणून म्हटलं, आधी ते संपवावं."

"आणि नाक खरंच नसतं आलं तर?"

"तर जन्मभर रोज चार वाजता यावं लागलं असतं," तो म्हणाला. "तयारी होती माझी."

पलीकडून ताईचा आवाज आला. "काय चाललंय तिकडे? आणि हा घाणेरडा वास कसला?"

"जा, आधी आंघोळ करून ये," तिने त्याला दाराकडे ढकललं. ढकललेला हात मात्र तिने लगेच काढला नाही.

सहाला पाच कमी असताना तो परत आला. ओले केस, दुसरा शर्ट, हातात सिगारींची पेटी. पुढच्या दालनात माणसं जमत होती, ताई सगळ्यांना बसवत होती. ती दारातच त्याच्या समोर उभी राहिली, टाचा उंचावल्या, त्याच्या मानेजवळ नाक नेलं आणि डोळे मिटले. अगदी तो मिटायचा तसे.

"सांगा मास्तरीणबाई," तो पुटपुटला. त्याचा श्वास आज जरा चुकत होता. "कसला वास येतोय?"

तिने सावकाश डोळे उघडले.

"उद्या ये चार वाजता," ती म्हणाली. "मग सांगते."